बिनकुशी

माझं नाव अक्काताई. माहेर साताऱ्याकडचं, माणदेशातलं, म्हसवडच्या अलीकडं बारकं गाव हाय, आन सासर हे इकडं सांगलीच्या दुष्काळी अंगाला, जतच्या वाटंवर. म्हंजे एका कोरड्या गावातनं उचललं आन दुसऱ्या कोरड्या गावात आणून ठेवलं, मधी कुटं पाय भिजला न्हाई. ऊस बघायचा तर तिकडं फलटणला न्हाईतर नदीकाठाला जायचं, आमचं पीक एकच, शाळू. रब्बीची ज्वारी वो, काळ्या रानात नुसत्या वलीवर येती ती. मी जलमले तीबी शाळूच्या काढणीत. आई कणसं मोडत बसली हुती तवा तिला कळा लागल्या, आन मला धुवून घेतल्यावर सुईणीनं म्हणं पयलं काय बघितलं असंल तर पोरीच्या अंगावर कूस तर चिकटली न्हाई.

तुमी माझं आइकून लिव्हायला आलाय, तर कूस म्हंजे काय ते आधी नीट लिव्हा, कारण ह्या सगळ्या गोष्टीत त्या एका शब्दानंच घोळ घातलाय. शाळूच्या कणसाला आन पानाच्या मुळाशी बारीक लव असती, डोळ्याला दिसत न्हाई, पण घामात बसली की मान, कोपरं, छाती, समदीकडं आग आग हुती, खाजवून रगत निघतंय तरी थांबत न्हाई. ती कूस. आन शाळू आमी कापत न्हाई, मुळासकट उपटतो. बापयगडी उपटून बाजूला हुत्यात, तमाखू मळत बसत्यात, मग कणसं मोडायची, झोडायची, वारं द्यायचं, पाखडायचं, ते समदं बाया करत्यात. आई म्हणायची, देवानं कूस बाईलाच दिली, एक पोटात आन एक अंगावर, आन दोन्हीचा तरास तिलाच.

चौथीपतुर शिकले. अक्षर बरं हुतं माझं, गुरुजी म्हणायचे पोरीला फुडं घाला, पण फुडची शाळा गावात न्हवती आन पोरगी दुसऱ्या गावाला जात न्हवती, संपलं. मग लगीन. मालक मिलिट्रीत. गाव त्यास्नी मेजर म्हंतंय, पण खरं सांगायचं तर नाईक म्हणून पेन्शनीत आलं, आमच्याकडं मिलिट्रीतनं परत आलेला समदा माणूस मेजरच असतोय. ते वर्साला दोन म्हयने यायचे, बाकी पंजाबात न्हाईतर आसामात. घरात सासू, दोन एकर रान आन मी. तवा सासूनं मला फारमावर लावलं.

फारम म्हंजे ज्वारीचं संशोधन केंद्र हाय हितं, आमी आपलं फारम म्हंतो. तिथं मी रोजंदारीवर अठ्ठावीस वर्सं काढली. काम काय, तर नवी जात तयार करायची. शाळूचं कणीस फुलायच्या आधी, दुपार कलली की आमी बाया वावरात बसायचो, हातात सुई, आन एकेका फुलातनं तीन तीन बारके नर काढायचे. एकबी तुटला, एकबी ऱ्हायला, की ते कणीस वाया. मग त्याला कागदाची पिशवी घालायची, दुसऱ्या दिशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग आणून त्याच्यावर झाडायचा, परत पिशवी. साहेब लोक म्हणायचे, बायकांची बोटं बारीक असत्यात म्हणून ह्ये काम बायकांना. व्हय बाबा, बारीक. पण मग लिव्हायला पेन काय जाडं लागतंय व्हय? सुई आमच्या हातात आन वही त्येंच्या हातात. माझ्या जोडीला छबू हुती, लय तोंडाळ बाय, ती एकदा साहेबांच्या देखत म्हणाली, आगं अक्काताई, दिसभर नर काढतोय आपण, घरातला तेवढा निघंना गं. साहेब तिथनं असं पळालं की विचारू नका.

संध्याकाळी फाटकावर आमची झडती व्हायची. डबा उघडा, ओटी झाडा, पिशवी उलटी करा. का, तर फारमाचं बी बाहेर जाऊ नये. कायदा हाय, असंल, माझं म्हणणं न्हाई. पण बापयगड्यांच्या खिशात कुणी हात घातला न्हाई अठ्ठावीस वर्सांत. मी एकदा वाचमनला म्हणलं, आवं, बी काय फकस्त लुगड्यालाच चिकटतंय का? तो म्हणाला, वरनं आदेश हाय. समदं वरनंच येतंय. पाऊस तेवढा येत न्हाई.

तुमी मान हलवताय ते बरं हाय, पण मान हलवणारी माणसं मी लय बघितली. आइका फुडं.

लगीन होऊन बारा वर्सं झाली हुती तवाची गोष्ट. काढणी चालली हुती. आमी बाया कुशीच्या भ्यानं मालकाचे न्हाईतर दिराचे जुने फुल बाह्यांचे शर्ट लुगड्यावर घालतो, हाताला पायमोजे चढवतो. त्या दिशी माझी उजवी बाही खांद्यापासनं फाटली हुती. मी म्हणलं आज मेले. पण एका वळीतली निम्मी कणसं मोडली, दुपार झाली, हात आपला गार. डावा हात आदल्या दिसाच्या कुशीनं बाहीतनंबी चुरचुरतोय आन उजवा उघडा असून काय न्हाई. मी त्या वळीत परत गेले, एकेक ताट, म्हंजे शाळूचं धाट, उजव्या गालाला घासून बघितलं, छबू म्हंती ऊन लागलं का काय हिला. त्यात एक ताट घावलं, त्याचं कणीस गालावर असं फिरवलं तर रेशमावानी. मी लुगड्याच्या पदराचा दोरा काढला आन त्या ताटाला बांधला.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते तवाचे थोरले साहेब, माणूस वाईट न्हवता, लेकीवानी बोलायचा. त्येनी कणीस वजन केलं, म्हणाले, दाणा जरा कमी भरतोय की गं. मी म्हणलं, पण साहेब, खाज न्हाई. ते म्हणाले, आगं, उतारा मोजतो आमी, कडबा मोजतो, किडीला टिकतंय का ते बघतो. खाज मोजायचं माप कुठं हाय? खरं हाय त्येंचं, ज्याला खाजत न्हाई त्यो माप कशाला काढंल? पण माझं मन राखायला म्हणून त्येनी त्या कणसाचं बी पाकिटात घातलं, म्हणाले, हिला नाव काय द्यायचं, आन आमी बाया एका दमात म्हणलो, बिनकुशी. त्येनी हसत हसत पाकिटावर लिव्हलं, बिनकुशी. वहीतबी लिव्हलं. माझं नाव न्हाई लिव्हलं, आन मलाबी ते तवा सुचलं न्हाई, खोटं कशाला सांगू.

आता इथं घोळ झाला. थोरल्या साहेबांची बदली झाली, त्येंच्या जागी नवं माणूस आलं, आन बियांच्या खोलीत एक नवा सहायक आला, पुण्याचा पोरगा, हुशार, शुद्ध बोलणारा, त्यानं समद्या वह्या नव्यानं लिव्हायला घेतल्या. त्यानं वाचलं, बिनकुशी. आता त्याला कूस म्हंजे एकच कूस ठावं, पोटातली. बिनकुशी म्हंजे जिला कूस न्हाई ती, म्हंजे वांझ. त्यानं नव्या वहीत शुद्ध मराठीत लिव्हलं, वंध्य. आन फारमावर वंध्य जाती येगळ्या ठेवत्यात, त्येंचं काम येगळं असतंय, तिथं ते पाकीट गेलं, आन कुणाला त्याचा ठावठिकाणा लागंना म्हणताना खोली साफ करताना ते फेकून दिलं. मी फुडच्या पेरणीला इचारलं, आमची बिनकुशी कुठल्या वळीत हाय? तो वही बघून म्हणाला, ती वंध्य होती, बाई, काढून टाकली. छबू खो खो हसली. मग माझ्याकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला, कारण माझीबी कूस उजवली न्हवती, आन गल्लीत मला काय म्हणायचे ते येगळं सांगायला नको. मी त्या पोराला म्हणलं, अरं बाबा, ती अंगावरची कूस, पोटातली न्हवं. तो लाजला, माफी मागितली त्यानं. पण बी गेलं ते गेलं.

गेलं म्हणजे, फारमाचं गेलं.

हे मी कवा कुणाला सांगितलं न्हवतं, मालकालाबी उशिरा सांगितलं. ज्या दिशी दोरा बांधला, त्या दिशीच मी त्या कणसाचा एक तुरा मोडून चिंधीत बांधला आन अंबाड्यात खवला. वाचमननं डबा बघितला, ओटी बघितली, डोस्क्यात बघायचा आदेश वरनं आला न्हवता. चोरी म्हणा. मी चोरीच म्हंते. पण मला त्या दिशीच शंका हुती, की जे बाईनं हुडकलंय ते बापयाच्या कपाटात टिकायचं न्हाई.

घरच्या रानात, दुसऱ्या शाळूपासनं लांब, पलीकडच्या बांधाला ते बी टोकलं. फारमावर शिकलेलं समदं केलं, कणसांना पिशव्या घातल्या, कागद कुठला, तर जुन्या क्यालेंडरचा. लोक म्हणायचे, अक्काताईला लेकरं न्हाईत म्हणून कणसांना टोपडी घालतीया. म्हणू द्या. वर्साला निवडायचं, जे गालाला टोचंल ते जनावराला, जे टोचत न्हाई ते गाडग्यात, राखंत. सात-आठ वर्सांनी ती जात खरी धरली. दाणाबी भरला. भाकरी अशी, की सकाळची संध्याकाळी मोडून बघा, मऊ. मग गल्लीतल्या बायांनी ओंजळ ओंजळ नेलं, त्येंच्या माहेरी गेलं. नाव तेच, बिनकुशी. ज्या बाया मला तसं म्हणायच्या त्याच पदर पसरून म्हणायच्या, अक्काताई, थोडी बिनकुशी दे की गं. मी द्यायचे. तोंडावर हसायचे न्हाई, घरात येऊन हसायचे.

आता म्याडमचं सांगते. चार वर्सं झाली असतील, फारमावर पयल्यांदा बाई शास्त्रज्ञ आली. वर्ध्याकडची, लहान वयाची, बारीक, तिचं बोलणं आमच्या बायांना लय गमतीचं वाटायचं, काय करून राहिल्या अक्काताई, म्हणायची, आन छबू तिच्या माघारी तसंच, मी पाणी पिऊन राहिले, मी मरून राहिले. तिच्या संगट एक योजनाबी आली. मोठा फलक लागला, संशोधनात महिलांचा समान सहभाग. आमाला समद्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या, रांगंत हुभं केलं, मला मधी घेतलं आन माझ्या फुडं ते भिंगाचं यंत्र ठेवलं, म्हणाले, डोळा लावा. लावला. फोटू काढला. मला आत काय दिसलं? काळं. झाकण काढलंच न्हवतं. फोटू झाला, टोप्या मोजून परत घेतल्या. आन त्याच दिशी मी बघितलं, म्याडमना, एवढं शिकलेल्या बाईला, आताच्या साहेबांनी सांगितलं की पाहुण्यांच्या फुडं रांगोळीचं तुमी बघा आन नाष्ट्याचं तुमी बघा, बाईमाणसाला बरं जमतंय. तवा मला कळलं ह्यो समान सहभाग कसा हाय ते.

म्हणून म्याडमनं आमाला वावरात बसवून इचारलं, तुम्हाला ज्वारीत काय पाहिजे, तवा मी गपच बसले. इतक्या वर्सांत कुणी इचारलं न्हवतं, आन जे कवाच कुणी इचारत न्हाई ते कुणी इचारलं की समजायचं, कायतरी काढून न्यायला आलंय. छबूच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, ती म्हणाली, खाज नको. म्याडमनं वहीत लिव्हलं, खाज. मी म्हणलं, लिव्हा, थोरल्या साहेबांनीबी लिव्हलं हुतं. मी बिनकुशीचा शब्द काढला न्हाई, छबूलाबी चिमटा काढून गप केलं. एक वर्स गेलं. ती दर पंध्रा दिसांनी इचारायची, मी दर पंध्रा दिसांनी म्हणायची, आमाला काय कळतंय म्याडम.

मग काढणीला ती आमच्यात आली. हात उघडं, मोजे न्हाईत. आमी सांगितलं, बाय, शर्ट घाल. म्हणाली, मला मोजायचंय किती खाजतं ते. मोजतीया म्हणं! दुपारपतुर तिच्या हातावर ह्या एवढ्या गाठी उठल्या, रडायला आली, पण उठली न्हाई, एका हातानं खाजवायची आन दुसऱ्या हातानं लिव्हायची, कुठल्या वळीत किती वेळानं सुरू झालं. साहेब लांबनं ओरडले, म्याडम, हे काय पोरखेळ, उतारा बघा उतारा. ती म्हणाली, सर, हा पण उताराच आहे, बाईच्या अंगातून काढलेला. मला ते वाक्य काय नीट समजलं न्हाई, पण बोलण्याचा सूर समजला. मी घरी गेले आन दुसऱ्या दिशी बिनकुशीचं एक कणीस घिवून आले. देताना काय सांगितलं न्हाई, नुसतं म्हणलं, गालाला लावा.

तिनं लावलं. दुसऱ्या गालालाबी लावलं. मग मला आत नेलं, ते भिंगाचं यंत्र काढलं, झाकण काढलं, आन एक तूस फारमाच्या शाळूचं, एक तूस माझ्या शाळूचं. पयल्यात असे काटे, बाभळीवानी. दुसऱ्यात नुसतं गुळगुळीत, धुतलेल्या पाटावानी. मी किती वेळ डोळा काढला न्हाई. वीस वर्सं गालानं बघत हुते ते डोळ्यानं बघितलं. काय सांगू तुमाला, मला वाटलं आताच्या आता आईला आणावं आन दाखवावं, ती तर कवाच गेली.

हितपतुर गोष्ट गोड. आता कागद आला.

मी म्याडमला दोऱ्यापासनं अंबाड्यापतुर समदं सांगितलं. तिनं तपासण्या केल्या, दोन हंगाम फारमात लावून बघितलं, आन म्हणाली ही जात नोंदवायची, सरकारदरबारी. तिला नाव पाहिजे, आन हुडकणाऱ्याचं नाव पाहिजे. साहेबांनी बैठक घेतली. मला बोलावलं, खुर्ची दिली, च्या दिला. खुर्ची दिली तवाच मी म्हणलं, आता काय नेत्यात कुणास ठावं. साहेब म्हणाले, अक्काताई, दोनच वाटा हायेत. शास्त्रज्ञानं काढलेली जात असंल तर शास्त्रज्ञाचं नाव लागतं, तुमी शास्त्रज्ञ न्हाई. शेतकऱ्यानं जपलेली जात असंल तर शेतकऱ्याचं नाव लागतं, सातबारा लागतो. सातबाऱ्यावर कोण हाय? मी म्हणलं, मालक. मग झालं तर, म्हणाले, मेजरसाहेबांचं नाव लावू, माजी सैनिक, प्रगतशील शेतकरी, पेपरात किती चांगलं दिसंल, आन मेजर म्हंजे तुमीच की, नवरा-बायकोत काय येगळं असतंय?

म्याडम म्हणाली, सर, खरं ते लिहू. निवड अक्काताईंनी आपल्या केंद्राच्या वावरातून केली, आणि वीस वर्षं त्यांनीच राखली. साहेबांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. म्हणाले, आपल्या वावरातनं केली? मग बी हिच्या घरी गेलं कसं? तसं लिव्हलं तर चौकशी लागंल, आन रोजंदारीचं माणूस चौकशीत टिकत न्हाई, माहीत हाय न्हवं? मला ते समजलं. धमकी न्हवती, त्येंनी शांतपणानं सांगितलं, आमच्या भल्याचं. भल्याचं सांगताना माणूस आवाज चढवत न्हाई.

दोन दिसांनी साहेबांची जीप घरी आली. शाल, नारळ, आन टायपिंग केलेला कागद, मालकांचं नाव घातलेला. मालकांनी खिशातलं पेन काढलं आन मी त्येंच्या हाताकडं बघत हुभी ऱ्हायले. हो, मी नवऱ्यावरबी इस्वास ठेवत न्हाई, लिव्हा तसं, त्येनी वाचलं तर वाचू दे. मला वाटलं, संपलं, शाल बघून सही हुतीया. पण त्येनी पेनाचं टोपण काढलं, कागद वाचला, टोपण लावलं. म्हणाले, साहेब, हिनं ह्ये केलं तवा मी पंजाबात हुतो. मला शाळू आन मका शेजारी लावला तर वळकत न्हाई. ड्यूटी एकानं करायची आन मेडल दुसऱ्यानं घालायचं, आमच्या पलटणीत असंच चालायचं, म्हणून तर मी नाईकचा नाईक ऱ्हायलो. नारळ राहू द्या, चटणीला हुईल. साहेब गेल्यावर मला म्हणाले, आता तुझं तू बघ, मी फकस्त खोटी सही करनार न्हाई, खरीला मला काय हक न्हाई.

म्हंजे आलं परत माझ्यावरच.

मी म्याडमकडं गेले. दार लावून घेतलं आन सरळ इचारलं. तुमाला ह्यात काय मिळतंय? ती म्हणाली, म्हणजे? मी म्हणलं, तुमी तयार करताय त्या कागदावर तुमचं नाव हाय न्हवं? हाय, म्हणाली, दुसरं. पयलं कुणाचं? तुमचं. आन साहेबांचं? ती म्हणाली, ते पहिलं मागून राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, खोटं कशाला बोलू अक्काताई, मलाही वर जायचं आहे, तीन वर्षं झाली, मी रांगोळी काढून राहिले, ह्या कामानं माझं नाव होईल. मी तुमच्या पाठीशी उभी राहीन. मी म्हणलं, पाठीशी हुभी ऱ्हाणारी माणसं बदली हुऊन जात्यात, ते सोडा. पण वर जायचंय म्हणालात ते बरं केलंत. तवा पयल्यांदा माझा तिच्यावर इस्वास बसला. फुकट भलं करणाऱ्या माणसाचं मला लय भ्या वाटतंय, त्येंचं पोट कुठं हाय ते दिसत न्हाई.

कागद तिनं तीनदा वाचून दाखवला. त्यात एक वळ हुती, की मी केंद्राच्या वावरातल्या कणसाचा एक तुरा कुणाला न इचारता अंबाड्यात घालून घरी नेला. म्याडमच म्हणाली, ही ओळ काढू या का, बाकीचं राहू द्या, तुम्हाला त्रास होईल. मी लय इचार केला. रातभर न्हाई, तिथंच, उभ्या उभ्या. ती वळ काढली तर काय उरतंय? तर अक्काताईच्या घरच्या बांधाला एक शाळू आपोआप उगवला. आन घरचा बांध कुणाचा, तर मालकांचा. आन फारमावरचा दोरा बांधलेला, गालाला लावलेला, त्यो शाळू कुणी बघितलाच न्हाई. म्हंजे चोरी खोडली की मीबी खोडली गेले. माझ्याकडं दुसरा पुरावा काय हाय? शिक्षण न्हाई, सातबारा न्हाई, वहीत नाव न्हाई. एवढी एक चोरी हाय, तीच माझी हजेरी. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या वळ. आन खाली आंगठा न्हाई, सही केली, अक्काताई, चौथीतल्या अक्षरात. शेजारी कंसात बिनकुशी लिव्हायला लावलं, आन त्याच्या फुडं, अंगावरची, पोटातली न्हवं. म्हणलं, परत कुणी शुद्ध मराठी लिव्हायला नको. कागद वर नोंदणीला धाडला, साहेबांच्या हापिसातनं शिक्क्याची पोच घेतली, तिची झेराक्स काढली, एक घरात हाय, एक छबूकडं.

त्याला आता पाच म्हयने झाले. मला कामावरनं काढलं न्हाई, तसं कुणीबी बोललं न्हाई. नुसतं बोलावणं येत न्हाई. काम कमी हाय, म्हंत्यात. छबूला बोलावत्यात, ती येऊन सांगती, काम ढीगभर पडलंय. वाचमन आता बायांचे अंबाडेबी बघतो म्हणं, छबू त्याला म्हणाली, उवा हायेत, मोज. चौकशीचा कागद अजून आला न्हाई, येईल. म्याडमच्या बदलीची बोलणी चाललीत, कुणी म्हंतंय अकोल्याला, कुणी म्हंतंय कुटं. ती फोन करती, धीर धरा म्हंती. धरलाय की. पण मी तिला सांगितलंय, तू गेलीस तर मला पत्त्यासकट सांगून जा, लेकी, कारण मी तुझ्यामागं येनार हाय, दुसऱ्याला परत पयल्यापासनं सांगायचं माझं वय ऱ्हायलं न्हाई.

न्हाई वो, पस्तावा न्हाई. कामाचं वाईट वाटतंय. सुई धरायची सवय, दुपार कलली की बोटं चाळवत्यात. मालक म्हंत्यात, घे, माझ्या शर्टाची बटनं लाव. मी म्हंते, तुमची तुमी लावा, मिलिट्रीत शिकवत्यात न्हवं?

गेल्या आठवड्यात वरनं एक पत्र आलं, म्याडमनं घरी आणून दाखवलं. प्रस्ताव फेटाळला न्हाई, मान्यबी केला न्हाई. इचारलंय, निवड करणाऱ्या व्यक्तीची शैक्षणिक पात्रता काय. म्याडम म्हणाली, अनुभव लिहू का, अठ्ठावीस वर्षं? मी म्हणलं, ते खाली लिव्हा, पण त्येनी जे इचारलंय त्याचं आधी सांगा, न्हाईतर म्हणतील बाईनं लपवलं. मी सोताच्या हातानं लिव्हलं, चौथी पास. आडवी रेघ चांगली लांब दिली हुती त्येनी, पदव्या लिव्हायला, माझे दोन शब्द एका कोपऱ्यात बसले आन बाकी रेघ मोकळी ऱ्हायली. म्याडमनं तसाच लिफाफा बंद केला. आता बघायचं.

तुमचं भलं हुऊ दे, एवढं आइकून घेतलंत. तुमच्या घरात पोरगी असंल तर शिकू दे, म्हणंल तेवढं. ही भाकरी बांधून देते, बिनकुशीची हाय, वाटंत खावा. आन हो, ती फुकट न्हाई बरं का. कुणी इचारलं कुणाची, तर नाव सांगायचं.